रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींसाठी स्पोर्ट्स कारचे टायर निवडताना

गोव्यात स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याला टायर निवडण्याआधी एक गोष्ट मान्य करावी लागते, ती म्हणजे मोठ्या गाड्यांसाठी कायमस्वरूपी रेस ट्रॅक आपल्याकडे नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७१७ किलोमीटरचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणि कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे हे पणजीहून आठ-नऊशे किलोमीटरवर आहेत, आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट त्याच्याही दुप्पट दूर आहे. बहुतेक जण गाडी स्वतः चालवत तिथे जातात आणि त्याच टायरवर परत येतात. ट्रॅकवरची सत्रे वीस-तीस मिनिटांची असतात. प्रवास मात्र दोन्ही बाजूंनी दिवसदिवसभराचा असतो, आणि वर्षाचे उरलेले दिवस गाडी म्हापसा-मडगावच्या वाहतुकीतच फिरते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की टायर त्याच्या वाट्याला येणाऱ्या सर्वांत वाईट रस्त्याचा विचार करून घ्यावा आणि ट्रॅकवर त्याच्याकडून काय करून घ्यायचे ते नंतर ठरवावे.

आपल्याकडचा सर्वांत वाईट रस्ता शोधायला लांब जावे लागत नाही. जुलैमध्ये केरीहून चोर्ला घाट चढताना वळणाच्या आतल्या बाजूने डोंगराचे पाणी रस्त्यावर उतरते आणि आपल्याबरोबर लाल माती, पाने, बारीक खडी घेऊन आडवे वाहते. वळणाच्या अर्ध्यावर असताना पुढचे चाक या पाण्याच्या पट्ट्यात शिरते, तेव्हा टायरचे रबर किती मऊ आहे याला फारसा अर्थ उरत नाही. खाचा किती खोल आहेत आणि त्यांतून पाणी किती लवकर बाहेर फेकले जाते यावरच सारे ठरते. पाणी बाहेर पडायला जागा मिळाली नाही, तर टायर रस्त्यावरून उचलला जाऊन पाण्यावर तरंगू लागतो आणि त्या क्षणी स्टिअरिंग हलके पडते. टायर जितका रुंद आणि गाडी जितकी हलकी, तितका हा धोका कमी वेगात उभा राहतो. स्पोर्ट्स कारमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

बाजारात या कामासाठी ढोबळमानाने तीन प्रकारचे टायर आहेत. पहिला प्रकार उच्च क्षमतेच्या उन्हाळी टायरचा, उदाहरणार्थ मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एस किंवा पिरेली पी झीरो. ‘उन्हाळी’ या नावाने बिचकू नये, कारण त्याचा संबंध बर्फ नसलेल्या हवामानाशी आहे आणि ओल्या रस्त्यावर हेच टायर उत्तम चालतात. दुसरा प्रकार सेमी-स्लिक, म्हणजे रस्त्यावर चालवण्याची परवानगी असलेले पण मूळ वृत्तीने ट्रॅकचे टायर. मिशलिन पायलट स्पोर्ट कप २ आणि पिरेली ट्रोफिओ आर ही त्यांतली परिचित नावे. यांत खाचा कमी आणि उथळ असतात, बाहेरचा खांदा, म्हणजे टायर बाजूकडे वळतो ती कड, जवळजवळ सलग रबराचा असतो, आणि रबर पुरेसे तापल्याशिवाय त्याची खरी पकड मिळत नाही. तिसरा प्रकार पूर्ण स्लिकचा, म्हणजे खाचाच नसलेल्या टायरचा; तो रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे इथे त्याचा विचार नाही.

टायरच्या बाजूवर छापलेला ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा या निवडीत पुष्कळ उपयोगी पडतो, पण तो समजून वाचायला हवा. पायलट स्पोर्ट ४ एसचा आकडा ३००, कप २ चा बहुतेक मापांत १८०, तर ट्रोफिओ आरचा ६०. आकडा जितका कमी तितके रबर मऊ आणि लवकर झिजणारे, असा साधारण अर्थ काढता येतो. ही अमेरिकी पद्धत आहे. तिच्यात १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी तुलना केली जाते, परंतु चाचणी घेऊन आकडा ठरवण्याचे काम कंपनी स्वतःच करते. म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना या आकड्यावरून करावी. दोन वेगळ्या कंपन्यांचे २०० आणि २४० समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढू नये.

जो वर्षातून दोन-तीनदाच ट्रॅकवर जातो, त्याने पहिल्या प्रकारचा एकच संच घ्यावा, असा माझा आग्रह आहे. यामागे खर्चाचा विचार आहेच, पण त्याहून मोठे कारण शिकण्याचे आहे. रस्त्याचा चांगला टायर आपली मर्यादा जवळ आल्याचे आधी सांगतो: तो आवाज करतो, हळूहळू घसरू लागतो आणि चालकाला सावरायला वेळ देतो. सेमी-स्लिकची मर्यादा खूप वर असते, पण ती ओलांडली की गाडी एकदम सुटते, आणि तोपर्यंत वेगही जास्त झालेला असतो. हात बसेपर्यंत ही चूक महाग पडते.

एकच संच वापरायचा असेल, तर तो कोणत्या महिन्यात घ्यावा यालाही महत्त्व आहे. नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. पावसाला हीच खोली हवी असते. ट्रॅकवर मात्र उंच रबराचे ठोकळे वळणात डुलतात, आतून तापतात आणि त्यांच्या कडांचे तुकडे उडतात. ४ ते ५ मिलिमीटरपर्यंत झिजलेला तोच टायर ट्रॅकवर जास्त घट्ट आणि टिकाऊ वाटतो. म्हणून नवे टायर मे महिन्यात बसवावेत, पावसाळा पूर्ण खोलीवर काढावा आणि तेच अर्धे झिजलेले टायर जानेवारी ते मार्च या काळात ट्रॅकवर न्यावेत. ऑक्टोबरमध्ये गोव्यातला पाऊस ओसरला म्हणून लगेच चेन्नई गाठण्याची घाई करू नये, कारण तिथला ईशान्य मोसमी पाऊस नेमका तेव्हा सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. एप्रिलमध्ये खोली मोजायच्या साध्या गेजने चारही टायर आत, मध्ये आणि बाहेर असे तपासावेत. कायद्याने १.६ मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे, पण आपल्या पावसासाठी मी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर जूनमध्ये गाडीवर ठेवणार नाही.

मापाकडे वळू. २२५/४० आर १८ ९२ वाय असे लिहिलेले असेल, तर रुंदी २२५ मिलिमीटर, साईडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची, ९२ म्हणजे एका टायरवर ६३० किलो भार आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची वेगक्षमता. भाराचा आणि वेगाचा निर्देशांक गाडीच्या कंपनीने दिलेल्यापेक्षा कधीही कमी घेऊ नये. माप बदलायचे असेल तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि एबीएससारख्या यंत्रणांचा हिशेब बिघडतो. २२५/४० आर १८ चा व्यास सुमारे ६३७ मिलिमीटर होतो आणि २२५/४५ आर १७ चा ६३४. म्हणजे ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) जागा पुरत असेल, तर एक इंच लहान रिम सहज वापरता येते. आपल्याकडे रिम मोठी करण्याची हौस फार आहे, पण मला उलटा मार्ग अधिक पटतो. लहान रिमचा टायर स्वस्त मिळतो, त्याची उंच साईडवॉल पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत रिम वाचवते, आणि ट्रॅकवर होणारे नुकसान बहुधा नगण्य असते.

दुकानात टायर बसवून घेण्याआधी तो स्वतः हातात घेऊन पाहावा. डीओटी या अक्षरांनंतरच्या सांकेतिक ओळीत शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स कारची मापे कमी खपतात, त्यामुळे ती गोदामात पडून राहण्याची शक्यता जास्त असते. त्यातच जून २०२० पासून विदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरची आयात निर्बंधित केल्यामुळे काही मापे, विशेषतः सेमी-स्लिकमधली, मिळेपर्यंत थांबावे लागते. थांबावे लागले तरी चालेल, पण तीन-चार वर्षे पडून राहिलेला टायर ट्रॅकसाठी घेऊ नये; रबर कडक होत जाते आणि वरून ते कळत नाही. आयएसआय चिन्ह आहे का तेही पाहावे. पोर्शेसाठी बनवलेल्या टायरवर एन०, एन१ अशी खूण असते आणि बीएमडब्ल्यूसाठीच्या टायरवर तारा असतो. एकाच एक्सलवर खुणेचा आणि बिनखुणेचा टायर मिसळू नये. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, टायर ट्रॅकसाठी टाळावेत, कारण ते जड असतात. ते काढले, तर पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप डिकीत कायम हवा.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. खाऱ्या हवेमुळे अलॉय रिमची जिथे टायर टेकतो ती कडा गंजून खडबडीत होते आणि तिथून हवा हळूहळू निघत राहते. टायर बदलताना ती कडा साफ करून घ्यायला सांगावे आणि व्हॉल्व्हही नवे बसवावेत.

ट्रॅकवर वारंवार जाणाऱ्याला मात्र रिमसह दुसरा संच घेणे परवडते, आणि तेव्हाच सेमी-स्लिकचा विचार करावा. अडचण वाहतुकीची आहे, कारण लहान स्पोर्ट्स कारमध्ये चार जास्तीची चाके मावत नाहीत. चाके ट्रान्सपोर्टने पुढे पाठवणे किंवा ट्रॅकजवळच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये ठेवणे हे मार्ग आहेत. सेमी-स्लिक चढवूनच गोव्यातून निघायचे असेल, तर वाटेत एकही पाऊस लागणार नाही अशीच वेळ निवडावी.

हवेच्या दाबाकडे लक्ष दिले नाही, तर कितीही चांगला टायर ट्रॅकवर वाया जातो. ३० अंश तापमानाला ३३ पीएसआय भरलेला टायर आतून ८० अंशांवर गेला की दाब साधारण ४१ पीएसआयपर्यंत चढतो. इतक्या दाबाला टायर मध्यभागी फुगतो, रस्त्याला कमी टेकतो आणि निसरडा वाटू लागतो. म्हणून सत्र संपवून आत येताच, टायर गरम असतानाच दाब मोजून वहीत लिहावा आणि चारही टायरची हवा थोडी कमी करून गाडीच्या व टायरच्या कंपनीने ट्रॅकसाठी सुचवलेल्या गरम दाबावर आणावी. हेच गणित परतीला उलटे लागू होते: गरम असताना ३६ पर्यंत उतरवलेला दाब गार झाल्यावर २९ वर येतो, आणि एवढ्या हवेवर सामान भरून महामार्गावर निघणे धोक्याचे आहे. कॉम्प्रेसरच्या हवेत बाष्प असेल तर दाब अधिक आणि अनियमित चढतो. आपल्या दमट हवेत नायट्रोजनचा खरा फायदा हाच आहे.

दाब बरोबर आहे की नाही, हे टायरच सांगतो. सत्राआधी खांद्यावरून साईडवॉलपर्यंत पांढऱ्या खडूची आडवी रेघ ओढावी. परत आल्यावर रेघ खांद्याच्या कडेपर्यंत पुसली गेली असेल तर ठीक. साईडवॉलवरही पुसली गेली असेल तर टायर लोळतो आहे, म्हणजे हवा कमी आहे. आणि कडेच्या बरेच आधी रेघ शाबूत राहिली असेल तर हवा जास्त आहे. मग पृष्ठभाग पाहावा. पॉलिश पेपरसारखा एकसारखा बारीक पोत दिसला, तर टायर नीट काम करतो आहे. निळसर चकाकी किंवा फोड दिसले, तर तो जास्त तापला आहे आणि पुढच्या सत्रात दोन-तीन वेगवान फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश मारून त्याला गार होऊ द्यावे. बाहेरचाच खांदा खाल्ला जात असेल, तर दोष बहुधा कॅम्बरचा, म्हणजे समोरून पाहताना दिसणाऱ्या चाकाच्या तिरकेपणाचा, असतो. गाडीत जितकी सोय असेल तितका निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) वाढवावा, पण टो, म्हणजे वरून पाहताना चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचे प्रमाण, शून्याजवळ ठेवावा, कारण लांबच्या प्रवासात टायरची आतली कड कॅम्बरपेक्षा टोमुळे जास्त खाल्ली जाते. एका दिशेने फिरणारे टायर रिमवर उलटवून दुसऱ्या बाजूला लावता येतात, त्यामुळे झीज वाटली जाते. आत-बाहेर वेगळी नक्षी असलेल्या टायरला ही सोय नाही.

ट्रॅकवर उतरण्याआधी आणि घरी निघण्याआधी प्रत्येक साईडवॉलवरून, आतल्या बाजूनेही, हात फिरवावा. खड्ड्याच्या मारामुळे आतले धागे तुटले असतील तर तिथे फुगा हाताला लागतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो तिथेच काढावा. टायर पूर्ण गार झाल्यावर हवा रस्त्याच्या दाबावर भरावी, चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत आणि घरी पोहोचल्यावर खाचांची खोली मोजून तारखेसह त्याच वहीत लिहावी.