बाळंतिणीचं दूध टिकावं म्हणून आजूबाजूच्यांनी काय करावं?

“पोऱ्या रडस, दूध पुरत नही.”

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही प्रसूती वॉर्डात तासभर बसा, हे वाक्य कानावर येतंच. म्हणणारी बहुतेक वेळा आई नसते. सासू म्हणते, भेटायला आलेली चुलत जाऊ म्हणते, कधी घाईत असलेली सिस्टरही म्हणते. आई नुसती ऐकते, आणि तिसऱ्या दिवशी तिलाही ते पटतं. मग वरचं दूध सुरू होतं. पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, आणि जितकं कमी ओढलं जातं तितकं दूध कमी बनतं. आधी नुसतं बोलणं असलेलं वाक्य आठवडाभरात खरं होऊन बसतं.

गाय पान्हा चोरते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धार काढताना गोठ्यात आरडाओरडा केलेला कुणी खपवून घेत नाही. बाळंतिणीच्या खाटेभोवती मात्र दहा जणी दहा तोंडांनी बोलतात.

आधी पहिला तास सांभाळा

जन्मल्यावर बाळ पुसून थेट आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून चादर घाला. तासाभरात पहिलं पाजणं व्हायला हवं. सिझर झालेलं असलं तरी आई शुद्धीत असेल तर हे जमतं, फक्त बाळ धरायला कुणीतरी शेजारी लागतं. दवाखान्यातल्या मंडळींनी वजन, फोटो आणि पेढे हे सगळं त्यानंतर ठेवावं.

सुरुवातीचं घट्ट पिवळसर दूध पिळून टाकायची रीत अजून काही घरांत आहे. गायीचा चीक आपण वाटीवाटीनं मागून आणतो आणि आईचा चीक टाकतो, याला काय म्हणावं! तो थोडाच असतो, पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच पुरतो. मध आणि घुटी चाटवू नका. मध तर वर्षाच्या आत नकोच, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

मग तोंडात नीट धरलंय का ते बघा

“दूध नाही” म्हणायच्या आधी खाली वाकून बघायचं. बाळाचं डोकं आणि अंग एका रेषेत, पोट आईच्या पोटाला लागलेलं. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. बोंडाभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसावा, खाली कमी. नुसतं बोंड तोंडात असेल तर बाळ चोखत राहतं, दूध येत नाही, आईला मात्र कळ लागते. अशा वेळी ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सुटते, मग पुन्हा लावा. चार-पाच वेळा करावं लागलं तरी करा. सिस्टरनं यासाठी दिलेली दहा मिनिटं नंतरच्या औषधांहून मोलाची ठरतात.

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नये, लंगोट मोजावेत. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी होत असेल तर पोट भरतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माइतकं भरून येतं. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं, तेही साहजिकच. पण बाळ सुस्त पडलं, पाजायला उठेना किंवा लघवी कमी झाली, तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. आईचा स्तन लाल, गरम झाला आणि ताप आला तर तिलाही दाखवा, मात्र पाजणं थांबवू नका.

कुणी पावडरचा डबा लिहून दिला तर “का?” असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कधी खरंच गरज असते. पण या डब्यांची जाहिरात आणि फुकट नमुने वाटणं १९९२ च्या कायद्यानं बंद आहे.

घरच्यांनी बाळ घेऊ नये, काम घ्यावं

मदत म्हणून बाळ उचलून नेलं जातं आणि बाळंतीण भांड्यांना लागते. हे उलटं करा. धुणं, पाणी आणि मोठं मूल नवऱ्यानं सांभाळावं. रात्री ढेकर काढायला उठणं त्यालाही जमतं. डिंकाचे, हळिवाचे लाडू जरूर द्या, पण दूध लाडवानं येत नाही, ते वारंवार पाजल्यानं येतं. लाडवानं आईच्या अंगात बळ येतं, तेवढं पुरे.

उन्हाळ्यात तांब्या भरून ठेवायचा तो आईसाठी. भुसावळचा पारा ४५ ला टेकला तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी लागत नाही, आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. बाळाला फक्त जास्त वेळा पाजा. सहा महिने पूर्ण झाले की वरचं जेवण सुरू करा, आणि अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा पुढेही चालू ठेवा.

कामावर, शेतावर

कापूस वेचायला जाणाऱ्या आईबरोबर बाळ आणि सांभाळणारी आजी दोघंही बांधावर हवीत. लिंबाला झोळी बांधली की काम भागतं. मुकादमानं पाजायला उठलेल्या बाईची रोजी कापू नये. बाळ घरी ठेवायचं असेल तर दूध हातानं स्वच्छ वाटीत काढून झाका आणि वाटी-चमच्यानं पाजा, बाटली नको. खोली पंचवीस अंशांच्या आत असेल तर काढलेलं दूध चार तास टिकतं. आपल्या एप्रिल-मेमध्ये तो हिशोब विसरा, फ्रिज नसेल तर काढल्या काढल्या पाजा.

नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ पासून कायद्यात आहे. एसटी स्थानकांवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष आहेत. एका स्थानकात मी दार ढकललं तर आत झाडू आणि जुने फलक होते. गावानं एवढं तरी बघावं, की कुलूप उघडं आहे, पंखा फिरतो आहे.

आशाताईंना रिकामं पाठवू नका

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की आईला पाजायला बसवा आणि त्यांना बघू द्या. नुसतं “सगळं ठीक आहे” म्हणून चहा पाजून वाटेला लावू नका. आदिवासी गावांत अमृत आहार योजनेत स्तनदा मातेला सहा महिने एक वेळचं गरम जेवण मिळतं. ते तिनं अंगणवाडीत बसूनच जेवावं, डबा घरी आला की त्याच्या चार वाट्या होतात.

आणि नंदुरबारकडून ऊसतोडीला गुजरातेत निघणाऱ्या घरांनी माता-बाल कार्ड धान्याच्या पोत्यात नको, आईच्या पिशवीत ठेवावं. पोचल्या दिवशीच ते तिथल्या अंगणवाडीत दाखवा.