फुकटच्या अभ्यास-ॲपची परतफेड करताय? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अभ्यासिकांमध्ये अँकीड्रॉइड हे अँड्रॉइड फोनवरचं उजळणीचं ॲप आता चांगलंच रुळलंय. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला केपीएससीसाठी (कर्नाटकच्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी) कन्नडचा अनिवार्य पेपर काढायचा असतो, पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलीला नीटसाठी जीवशास्त्राची शेकडो नावं लक्षात ठेवायची असतात. रोज प्रश्न-उत्तराची थोडी कार्डं (त्यांच्या संचाला डेक म्हणतात) आणि योग्य अंतराने उजळणी, हे काम याच्याइतकं चोख करणारं दुसरं ॲप मला माहीत नाही. त्याला फी नाही, जाहिराती नाहीत. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी ते २००९ पासून घडवत आणलंय.

म्हणूनच "आपणही काहीतरी परत द्यायला पाहिजे" असं आपल्याकडची मुलं म्हणू लागली याचा मला मनापासून आनंद आहे. पण मदत करायला निघालेली माणसं बऱ्याचदा त्याच स्वयंसेवकांचं काम वाढवून बसतात. या लोकांकडे सगळ्यात कमी असतो तो वेळ. आपण जे देणार आहोत ते त्यांचा वेळ वाचवणार की खाणार, हे आधी बघा.

पैसे चुकीच्या दारात जाणं

अँकी हा मूळचा संगणकावरचा प्रोग्राम. डेमियन एल्म्स यांनी तो २००६ मध्ये आणला. आयफोनसाठीचं अँकीमोबाईल विकत घ्यावं लागतं आणि संगणकावरच्या फुकट अँकीचा खर्च आजवर मुख्यतः त्याच विक्रीतून निघत आलाय. अँकीड्रॉइड मात्र वेगळ्या स्वयंसेवकांचं काम आहे. ते त्याच पद्धतीवर आणि त्याच अँकीवेबच्या सिंकवर, म्हणजे फोन आणि संगणकावरची कार्डं ऑनलाइन जुळवून ठेवणाऱ्या सेवेवर चालतं, पण त्यांचा निधी वेगळा आहे आणि तो ओपन कलेक्टिव्ह या परदेशी संकेतस्थळावर गोळा होतो. तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल आणि त्यातल्या ॲपसाठी पैसे द्यायचे असतील, तर ते तिकडे गेले पाहिजेत.

त्यातच नाव आणि चिन्ह मिळतंजुळतं असलेली दुसरी ॲप्स प्ले स्टोअरमध्ये असतात. त्यांची महिन्याची वर्गणी भरून "मी अँकीवाल्यांना मदत करतो" असं समजणारी मुलं मला भेटतात. त्या पैशातला रुपयाही या स्वयंसेवकांपर्यंत पोचत नाही. देणगीची लिंक ॲपच्या आतून किंवा प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उघडा. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी "अँकीला मदत करा" म्हणत क्यूआर कोड पाठवला, तर तो डोळे झाकून स्कॅन करू नका.

आता "देणगी द्यायला गेलो तर पैसे जातच नाहीत" ही मुलांची तक्रार. तिच्यामागे बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवीन कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागतात. तिथे मर्यादा कमी ठेवा, पैसे गेले की पुन्हा बंद करा. डॉलरच्या पानावर यूपीआय सहसा नसतंच, साधं रुपे कार्डही बहुतेक ठिकाणी नाकारलं जातं. घरात कोणाकडे व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर त्यांना विचारा. "दरमहा" हा पर्याय निवडला असेल तर तो सोडून "एकदाच" निवडा. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना १ ऑक्टोबर २०२१ पासून वेगळी मंजुरी लागते आणि परदेशी पोर्टलवर ती सोय असतेच असं नाही.

दर महिन्याला पन्नास रुपये देण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. प्रत्येक व्यवहारातून टक्केवारी आणि वर एक ठरावीक रक्कम कापली जाते, शिवाय बँक चलन बदलण्याचा आकार लावते. रक्कम जितकी छोटी, तितका वाटेत जाणारा वाटा मोठा. त्यापेक्षा अभ्यासिकेतल्या सगळ्यांनी वर्षातून एकदा वर्गणी काढावी आणि एकाच कार्डावरून पाठवावी. गल्लीतल्या गणपती मंडळाची वर्गणी जशी पावती आणि फलकावरच्या हिशोबासकट गोळा होते, अगदी तशीच. वर्गणी गोळा करणं बेळगावकरांना कोणी शिकवायला नको. ओपन कलेक्टिव्हवर निधीचा जमाखर्च सगळ्यांना उघडा दिसतो, त्यामुळे पैसे पोचले का आणि कशावर खर्च झाले, हे वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला दाखवता येतं. परदेशातल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीची (प्राप्तिकरातली) सवलत मिळत नाही, हेही आधीच सांगून टाका.

एका स्टारची तक्रार

"ॲप चालेना झालंय. लवकर दुरुस्त करा." एवढं लिहून एक स्टार देणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. यातून बनवणाऱ्याला काहीच कळत नाही. कुठला फोन, कुठली आवृत्ती, काय दाबल्यावर काय झालं, काहीही नाही. वर नवीन विद्यार्थी ते वाचून ॲप घ्यायचं टाळतो.

त्याच मुलाला जवळ बसवून नीट विचारलं की तक्रार अशी निघते: "अँड्रॉइड १३ चा फोन. ॲप प्ले स्टोअरवरून घेतलेलं, ताजी आवृत्ती. कन्नड शब्दांचा डेक उघडतो, 'उत्तर दाखवा' दाबतो, आवाज असलेलं कार्ड आलं की ॲप बंद पडतं. आवाज नसलेल्या कार्डांवर असं होत नाही. दुसरा डेक उघडून बघितला, तिथेही आवाजाच्या कार्डावर तसंच." यावर कोणीही काम सुरू करू शकतो. हे साध्या इंग्रजीत चार-पाच वाक्यांत लिहा, व्याकरणाची लाज बाळगू नका, तिथे जगभरची माणसं मोडक्या इंग्रजीतच लिहितात. ॲपच्या माहितीच्या पानावर डीबग माहिती (फोन आणि ॲपच्या आवृत्तीचा तपशील) कॉपी करायचं बटण आहे, ती सोबत चिकटवा. ही तक्रार प्रकल्पाच्या गिटहबच्या पानावर जाते. ॲपचा कोड आणि त्यावरच्या चर्चा तिथे असतात. तिथे आधी शोधून बघा. तीच अडचण कोणी आधी मांडली असेल तर "मलाही, मलाही" असं लिहू नका. तिथली प्रत्येक टिप्पणी त्या चर्चेत असलेल्या सगळ्यांच्या मेलमध्ये जाऊन पडते. मूळ तक्रारीला अंगठा द्या, तेवढा पुरतो.

आणि "कधी होणार? अजून का नाही झालं?" हा तगादा तर अजिबात नको. तो उद्धट वाटतो म्हणून तर नकोच, पण यातून खरंच मोठं नुकसान झालेलं आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरवाट बसवल्याचं उघड झालं. ते सांभाळणारा माणूस जवळपास एकटा होता आणि थकलेला होता. कामाला उशीर होतोय म्हणून अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणला गेला, आणि त्या काळात मदतीला म्हणून ज्याला सोबत घेतलं, त्याच खात्यावरून ती चोरवाट आली. स्वयंसेवकाला घाई लावणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवायला हवं.

त्यांची चूक नसताना त्यांना दोष

बऱ्याच तक्रारींचं मूळ ॲपमध्ये नसतंच. आपल्या भागात दोन भाषा आणि दोन लिप्या असल्याने काही अडचणी खास आपल्याच आहेत. त्या आपणच ओळखायला शिकलो तर स्वयंसेवकांचा केवढा तरी वेळ वाचेल.

उत्तर टाइप करायच्या कार्डांचं बघा. उत्तर "दऱ्या" आहे, मुलीने "दऱ्या" लिहिलं, दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे, तरी ॲप लाल रंगात चूक दाखवतं. कारण हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात मराठीचा खास ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. डेक बनवणाऱ्याने संगणकावरच्या एका कळफलकाने लिहिलं, तुम्ही फोनवरच्या दुसऱ्या कळफलकाने. डोळ्याला फरक नाही, ॲपला आहे. "वाऱ्यावर", "कोऱ्या", "सुऱ्या" अशा सगळ्या शब्दांना हे लागू होतं. उपाय सोपा आहे: कार्ड उघडा, तो शब्द पुसा आणि स्वतःच्या कळफलकाने पुन्हा लिहा. डेक मोठा असेल तर संगणकावरच्या अँकीत "शोधा आणि बदला" वापरून एका फटक्यात करा. अमेरिकेत किंवा युरोपात बसलेल्या माणसाला हे आपणहून सुचणं कठीण आहे. ज्यांना सुचतं त्यांनी ते बाकीच्यांना शिकवलं, तर ती देणगीइतकीच मोठी मदत ठरते.

कन्नड शब्द वाचून दाखवत नाही? फोनच्या सेटिंगमध्ये मजकूर वाचणाऱ्या यंत्रणेत जाऊन कन्नड आवाज उतरवलाय का बघा. तो ॲपसोबत येत नाही, फोनकडून येतो.

"माझी सगळी कार्डं गेली" ही तक्रार मात्र जिवाला लागते, परीक्षेच्या तोंडावर तर फारच. बहुतेक वेळा झालेलं असतं ते असं. दोन ठिकाणी वेगवेगळे बदल झाले, ते जुळेनात, म्हणून सिंक करताना ॲपने विचारलं: फोनवरचं अँकीवेबवर चढवू, की अँकीवेबवरचं फोनवर उतरवू? घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं. ॲप वरचेवर बॅकअप घेत असतं. आधी तिथून परत मिळतंय का बघा, ॲप काढून टाकू नका. काढून टाकलंत तर तोही आधार जाण्याची भीती आहे.

ग्रुपवर फिरणाऱ्या एपीके फाइलवरून (ॲप थेट फोनमध्ये टाकायच्या फाइलवरून) ॲप टाकणंही सोडा. आवृत्ती जुनी असते, कधी त्यात कोणी ढवळाढवळ केलेली असते, आणि केव्हाच दुरुस्त झालेल्या अडचणींची तक्रार पुन्हा स्वयंसेवकांच्या डोक्यावर येऊन बसते. प्ले स्टोअर किंवा एफ-ड्रॉइड (खुल्या कोडच्या ॲप्सचं दुकान), एवढ्या दोनच जागा पुरेत.

भाषांतराचा घाईचा उत्साह

अँकीड्रॉइडचं भाषांतर क्राउडिन या संकेतस्थळावर होतं, तिथे कोणीही खातं उघडून मराठी वाक्यं सुचवू शकतं. इथे सीमाभागातली मुलं खूप काही करू शकतात. चूक होते ती यंत्राने केलेलं भाषांतर शंभर-शंभर ओळी एकदम चिकटवण्यात. ते तपासायला दुसऱ्या मराठी माणसाला जास्त वेळ लागतो आणि तो माणूसही स्वयंसेवकच असतो. दहाच ओळी करा, पण ॲप समोर उघडून ती ओळ कुठे दिसते ते बघून करा. वाक्यात टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं अक्षर दिसलं तर ते जसंच्या तसं ठेवा. तिथे ॲप आकडा किंवा नाव भरतं, आणि ते बिघडलं तर त्या जागी ॲप कोसळूही शकतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी

व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय १९९८ पासून आपल्या बेळगावातच आहे, आणि कोड लिहू शकणारी मुलं इथे भरपूर आहेत. त्यांना एकच कळकळीची विनंती: रेझ्युमेवर ओळ वाढवण्यासाठी कोणाच्या प्रकल्पात फालतू बदल पाठवू नका. हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरमधला उपक्रम, खुल्या प्रकल्पांना कोडमधले बदल पाठवायचा. २०२० मध्ये त्यात बक्षिसाच्या टी-शर्टसाठी एवढा कचरा लोटला गेला की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांची संमती आहे तेवढ्यांचीच नोंद धरायचं ठरलं. एआयकडून लिहून घेतलेला आणि स्वतःला न समजलेला कोड पाठवणं हे त्याचंच नवं रूप आहे. एक छोटी चूक निवडा, ती स्वतःच्या फोनवर घडवून बघा, दुरुस्त करा, आणि प्रश्न आले की उत्तर द्यायला हजर राहा. एवढं केलेला विद्यार्थी पुढे गूगल समर ऑफ कोडसाठी (अशा प्रकल्पांवर काम करायला मानधन देणाऱ्या गूगलच्या उपक्रमासाठी) अर्ज करताना आपोआप वेगळा दिसतो.

डेक वाटताना

पैसे नाहीत, कोडही येत नाही, त्यांनी मराठी-कन्नड शब्दांचा चांगला डेक बनवून अँकीवेबवर सगळ्यांसाठी ठेवावा. अशा डेकमुळे नवीन मूल पहिल्याच दिवशी ॲपला लागतं. पण क्लासच्या छापील नोट्स किंवा पुस्तकाची पानं फोटो काढून त्यात घालू नका, ती दुसऱ्याची मालमत्ता आहे. शब्द तुमचे, वाक्यं तुमची, आवाज तुमचा किंवा ज्याने परवानगी दिली त्याचा. घरी कन्नड बोलणाऱ्या मित्राकडून किंवा शेजारच्या अक्कांकडून उच्चार तपासून घ्या आणि मगच रेकॉर्ड करा. डेकच्या वर्णनात तो कोणासाठी आहे, कुठल्या इयत्तेच्या पातळीचा आहे, आणि इतरांनी त्यात बदल केले तर चालतील का, हे मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहा. चूक कोणी दाखवली तर दुरुस्त करून पुन्हा चढवा, आणि वर्णनात दुरुस्तीची तारीख टाका.