कवेलू काढून स्लॅब टाकताय? परवानगीचा खर्च नेमका किती ते आधी समजून घ्या

राजेहो, कापूस विकून झाला, लग्नाची गडबड आटोपली की आमच्याकडे घराची कामं निघतात. मागच्या वर्षी आमच्या मोठेबाबांनी ठरवलं की आता कवेलूचं घर बस झालं, समोरच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकू, मागे न्हाणी-संडास पक्का करू. मग त्यांनी पारावर विचारलं, "परवानगीले किती पैसे लागते?" तर चार जणांनी चार उत्तरं दिली. एक म्हणे पाचशे, एक म्हणे वीस हजार, एक म्हणे इंजिनिअरले देजो फक्त, आणि एक तर म्हणे "काहून पैसे घालवता, गावात कोण पुसते". गंमत अशी की यातला शेवटचा सोडला तर बाकी कोणी खोटं बोलत नव्हता, ज्याचं काम जसं, जागा जशी, तसा त्याला खर्च आला होता. म्हणून "परवानगीला किती लागतात" हा प्रश्नच अर्धवट आहे, आधी दोन-तीन गोष्टी पाहा, मग आकडा आपोआप निघतो.

सगळ्यात आधी हे पाहा की तुमच्या कामाला परवानगी लागते का. प्लास्टर, रंग, फरशी, फुटलेले कवेलू बदलणं, सडलेला दरवाजा काढून त्याच जागी नवीन बसवणं, नळाची फिटिंग, हे दुरुस्तीत मोडते, याला कोणाची परवानगी नाही लागत आणि कोणी पैसे मागत असेल तर कशाचे ते विचारा. पण भिंत नवीन उभी राहिली, घर पुढे-मागे वाढलं, कवेलूच्या जागी स्लॅब आला किंवा वर मजला चढला, की ते बांधकाम झालं. मोठेबाबांचं म्हणणं होतं की जुन्याच भिंतीवर स्लॅब टाकतो, नवीन काहीच नाही. पण भाऊ, मातीच्या जुडाईच्या भिंतीवर स्लॅब बसत नसतो, खालून कॉलम घ्यावेच लागतात, आणि आपल्या काळ्या मातीत पाया किती खोल न्यायचा ते मिस्त्रीच्या अंदाजावर सोडायची गोष्ट नाही, ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीही तशाच तडकतात. म्हणजे इंजिनिअर तसाही लागणारच होता, परवानगी असो का नसो.

दुसरी गोष्ट जागा कोणाच्या हद्दीत आहे. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायत. तालुक्याचं ठिकाण असेल तर बहुतेक ठिकाणी आता नगरपंचायत झाली आहे, तिथे नियम शहरासारखे आणि अर्ज ऑनलाइन. नागपूरच्या आजूबाजूची ७१९ गावं एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत येतात, तिथे सरपंचाच्या सहीवर विसंबून बांधायला काढू नका, आधी एनएमआरडीएकडे विचारा. ताडोबा, मेळघाट अशा जंगलाच्या कडेला असाल तर जागा इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे जंगलाभोवती बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्यात, येते का ते पाहा. मोठ्या रस्त्याला लागून घर असेल तर रस्त्यापासून किती अंतर सोडायचं ते बांधकाम विभागाकडून लेखी घ्या, रस्ता रुंद झाला तर आधी ओटा जातो आणि मग भांडण सुरू होते. आणि जागा शेतातली असेल तर आधी अकृषकचा, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरण्याचा, विषय येतो. २०१७ मध्ये जमीन महसूल संहितेत ४२ ड कलम आलं, त्यात गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला सवलत दिली, पण तेव्हाही रूपांतरण कर होता, फुकट नव्हतं, आताचा नियम काय ते विचारून घ्या. हे तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये निपटवा, बांधकामाच्या खर्चात ते मिसळू नका, नाहीतर हिशोबच लागत नाही.

आता प्लॉट किती मोठा ते मोजा, कारण सगळा खेळ इथे आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग सोडले तर राज्यात एकच बांधकाम नियमावली आली, तिला युडीसीपीआर म्हणतात, आणि त्यानंतर २०२१ मध्ये ग्रामविकास खात्याने गावासाठी सोपं करून सांगितलं. दीडशे चौरस मीटर म्हणजे साधारण १,६०० चौरस फुटापर्यंतचा प्लॉट असेल तर मालकीचा कागद, जागेचा नकाशा, घराचा प्लॅन आणि हे सगळं नियमात बसते असं लायसन्सवाल्या इंजिनिअरचं सर्टिफिकेट, एवढं ग्रामपंचायतीत जमा करायचं, वेगळी परवानगी घेण्याची गरज नाही. १,६०० ते ३,२०० चौरस फूट असेल तर तेच कागद, पण विकास शुल्क भरावं लागते, ते किती हे ग्रामपंचायतीने दहा दिवसांत सांगायचं आणि भरल्यावर दहा दिवसांत बांधकाम सुरू करण्याचं सर्टिफिकेट द्यायचं. ३,२०० च्या वर गेलं की मात्र नगररचनाकाराकडे जावं लागते. गावठाणातली बहुतेक घरं पहिल्या नाहीतर दुसऱ्या खान्यातच येतात. मोठेबाबांची जागा भरली १,४०० चौरस फूट, म्हणजे जो वीस हजार म्हणत होता त्याचा नियम त्यांना लागूच नव्हता, त्याचा प्लॉट लेआउटमधला मोठा होता.

जमा करताना दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. उद्या कोणी "परवानगी कुठे" म्हटलं तर तोच कागद कामी येतो.

विकास शुल्क कसं निघते हे समजून घ्या म्हणजे कोणी काही पण आकडा सांगितला तर तुम्हाला कळेल. नगररचना कायदा १९६६ चा, त्यात रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, जमिनीच्या दरावर टक्का लावतात, राहत्या घराला जमिनीपोटी अर्धा टक्का आणि बांधकामापोटी २ टक्के. दुकान काढलं तर त्याच्या दुप्पट. समजा तुमच्या गावात रेकनरचा दर चौरस मीटरला १,५०० रुपये आहे (हा आकडा फक्त उदाहरणाला घेतला, तुमचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर गाव टाकलं की दिसते), प्लॉट २५० चौरस मीटर आणि बांधकाम २०० चौरस मीटर. जमिनीचे होतात ३,७५,००० चे अर्धा टक्का, १,८७५ रुपये. बांधकामाचे ३,००,००० चे २ टक्के, ६,००० रुपये. एकूण ७,८७५. आता एवढ्या कामात सिमेंटची पोती किती लागतात, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आपण दुकानात चुपचाप भरतोच, सप्टेंबर २०२५ च्या आधी तर २८ टक्के भरत होतो. तिथे कोणी कुरकुर करत नाही आणि पंचायतीच्या सात-आठ हजारावर मात्र गावभर बोंब.

खरा खर्च त्याच्या आजूबाजूला असतो. कागदांपासून सुरू करा. नमुना ८ चा उतारा, म्हणजे पंचायतीच्या रजिस्टरमधली तुमच्या घराची नोंद, ग्रामपंचायतीतून मिळते, सेवा हक्क कायद्यात त्याची फी २० रुपये आणि मुदत पाच दिवस, थकबाकी नसल्याच्या दाखल्याचंही तेच. घरटॅक्स थकला असेल तर तो आधी भरा, नाहीतर तिथेच गाडी अडते. प्रतिज्ञापत्र मागितलं तर पाचशेचा स्टॅम्प घ्यायला धावू नका, सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालते. ड्रोन सर्व्हे झालेल्या गावात स्वामित्व योजनेतलं मालमत्ता पत्रक आलं असेल तर ते काढून ठेवा, हद्दीचा वाद त्याने बराच कमी होते. हद्दीवरून शेजाऱ्याशी आधीपासून कुरबुर असेल तर मात्र बांधायच्या आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. डिसेंबर २०२४ पासून ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत साध्या मोजणीला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये आहेत. पैसे जातात पण स्लॅब पडल्यावर भिंत दीड फूट शेजारच्या आवारात निघाली तर काय होते ते मी सांगायला नको.

इंजिनिअरची फी ठरलेली नसते, ती बोलून घ्या, आणि बोलताना फक्त नकाशा आणि सर्टिफिकेटचे किती आणि साइटवर येऊन पाया, सळाख पाहण्याचे किती हे वेगळं विचारा. आमच्या इंजिनिअरनं कागदाचे ४ हजार घेतले, तीन वेळा साइटवर येण्याचे वेगळे दोन हजार, आणि मोठेबाबांना आधी ते दोन हजार जड गेले, पण कॉलमच्या रिंगा मिस्त्रीनं दूरदूर बांधल्या होत्या त्या त्याने उकलून परत बांधायला लावल्या तेव्हा ते काही बोलले नाही.

रेती, मुरूम, गिट्टी घेताना रॉयल्टीची पावती मागा. गौण खनिजाची रॉयल्टी २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये झाली, ती टिप्परवाल्याच्या भावात धरलेली असते, पण पावती नसलेली गाडी तुमच्या दारात पकडली तर उत्तर द्यायला तुम्हीच उभे राहता. सरकारी घरकुल मंजूर झालेल्यांना ५ ब्रासपर्यंत रेती मोफत आहे, मंजुरीचं पत्र घेऊन तहसीलमध्ये विचारा, लय लोक हे विचारतच नाहीत आणि बाजारभावाने घेतात.

विजेचं पण पाहा. रिकाम्या प्लॉटवर नवीन घर असेल तर महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्यावं लागते, त्याचं डिपॉझिट आणि दर वेगळा. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढली तर विद्युत कायद्याचं कलम १२६ लागू शकते आणि दुप्पट दराने आकारणी होते, ती पण त्या बिचाऱ्या शेजाऱ्यावर. आणि वर पाहा! घरावरून किंवा बाजूने लाइन गेली असेल तर घरगुती लाइनपासून बाजूला १.२ मीटर आणि वर अडीच मीटर अंतर पाहिजे, ११ केव्हीची लाइन असेल तर वर ३.७ मीटर. कवेलूच्या घराला जे अंतर पुरत होतं ते स्लॅबवर माणूस उभा राहिला की पुरत नाही. आमच्या जिन्याचं टोपण नेमकं तारेखाली येत होतं, पोल सरकवायचं एस्टिमेट निघालं तर खर्च आपल्याच बोकांडी, शेवटी जिनाच दुसऱ्या बाजूला फिरवला. हे नकाशावर असतानाच दिसलं म्हणून वाचलो.

कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर म्हणून कोणी घाबरवते. तो बांधकामाच्या खर्चावर असतो, पण स्वतःच्या राहत्या घराला सूट आहे, जुन्या कायद्यात १० लाखापर्यंत होती आणि नवीन सामाजिक सुरक्षा संहितेत ५० लाख केली. गावातल्या साध्या घराला त्याची काळजी नाही.

आता माझा स्वतःचा मूर्खपणा. तीन वर्षांआधी मी मागे एक खोली काढली तेव्हा एका ओळखीच्यानं सांगितलं, दीड हजार दे, कागद मी पाहून घेतो. मी दिले, कारण मला फेऱ्या मारायचा कंटाळा होता. वर्षभरानं बँकेत कर्जासाठी गेलो तर पंचायतीच्या रजिस्टरला माझ्या खोलीचा ठिपका पण नाही, आणि तो म्हणे मी तर दिले होते. कोणाला दिले, कधी दिले, काही नाही. तेव्हापासून एकच धरलं, पैसे पंचायतीत भरायचे आणि नमुना ७ (साधी पावती) किंवा नमुना १० (कर-फीची पावती) हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. सचिव (आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण आमच्याकडे सचिवच म्हणतात) दुसऱ्या गावाला असेल तर उद्या या म्हणतील, तर उद्या जा. विनापावतीचा पैसा सरळ पाण्यात.

अजून एक गैरसमज लय पक्का आहे, की घरटॅक्स लागला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं. तसं नसते. विनापरवानगीच्या घराला पण टॅक्स लागते.

टॅक्सचं निघालंच तर हा खर्च कोणी धरत नाही आणि तोच दरवर्षीचा आहे. ग्रामपंचायतीचा घरटॅक्स २०१५ च्या दुरुस्तीपासून भांडवली मूल्यावर बसते, त्यात जागा किती, बांधकाम कशाचं, किती जुनं, वापर कशाचा हे सगळं येते. मातीच्या घराला दर कमी, आरसीसीला सगळ्यात जास्त, आणि नवीन बांधकामाला घसारा नाही. म्हणजे कवेलूचं घर स्लॅबचं झालं की टॅक्स वाढणारच. समोरच्या खोलीत किराणा दुकान टाकायचा विचार असेल तर व्यापारी वापर अजून वेगळा. काम सुरू करायच्या आधीच सचिवाला अंदाज विचारून ठेवा.

काम संपल्यावर नवीन मोजमाप नमुना ८ वर चढवून घ्या आणि उतारा हातात आल्यावर फूटपट्टी घेऊन स्वतः ताडून पाहा. आमच्या उताऱ्यावर मागची छपरी पण आरसीसीत धरली होती, वर टिना आहेत तरी. अर्ज दिला, येऊन पाहून गेले, दुरुस्त झालं. त्याच अर्जासोबत मोठेबाबांनी अजून एक काम केलं, नमुना ८ वर नवरा-बायको दोघांचं नाव लावता येते म्हणून मोठ्याआईचं नाव चढवलं. त्याला पैसे लागले ते फक्त उताऱ्याचे वीस रुपये, आणि मोठ्याआईनं तो उतारा प्लास्टिकमध्ये घालून देवघराच्या वर ठेवला आहे.