‘काही लागलं तर सांगा’ म्हणणं थांबवा: शेजाऱ्यांचा मदतगट कसा उभा करावा

पायी फिरता येईल एवढाच परिसर घ्या, फार तर तीसेक घरं. मग चार-पाच माणसं जमवा. गटाचं नाव, बोधचिन्ह, अध्यक्ष यातलं काहीही ठरवू नका. आमच्या पहिल्या तीन बैठका नावावरच्या वादात गेल्या.

खरी गोम पुढे आहे. मदत करायला माणसं पटकन मिळतात; मागायला कुणी पुढे येत नाही. मी घरोघरी फॉर्म वाटले होते: ‘आपल्याला कोणती मदत हवी?’ सगळीकडे तो रकाना कोरा. मी खूश, म्हणजे सगळं ठीक चाललंय! त्याच गल्लीत एक आजोबा अंथरुणाला खिळलेल्या आजींचं सगळं एकट्याने करत होते, हे मला चार महिन्यांनी कळलं. त्यांचाही फॉर्म कोराच आला होता.

गरजू म्हणून यादीत नाव लागणं कुणाला आवडेल? तेव्हा सर्वेक्षण करा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. उलट तुम्हीच आधी काहीतरी मागा. आजोबांना घड्याळांची जाण होती. मी बंद पडलेलं घड्याळ घेऊन गेलो, ते दुरुस्त झाल्यावर आणायला गेलो, मग नुसताच गेलो. त्या तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, “मंगळवारी तासभर कुणी हिच्यापाशी बसेल का?” एवढं ऐकायला तीन खेपा लागतात. घाई केलीत तर दार बंद झालंच म्हणून समजा.

आता हा निरोप गटावर ‘कुणीतरी जा’ म्हणून टाकू नका. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८च्या प्रयोगात, दुसऱ्याला फेफऱ्याचा झटका आल्याचं फक्त आपणच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटल्यावर ३१ टक्केच. म्हणून एकाच माणसाला फोन करा आणि वार, वेळ, काम सांगा.

वेळ मागताना हात आखडता ठेवा. केरळमधल्या शेजारी-स्वयंसेवकांच्या उपशामक सेवेत (म्हणजे गंभीर आजाऱ्यांचा त्रास हलका करणाऱ्या सेवेत) आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणाऱ्यांना घेतलं जाई. आमच्याकडे दोन ही कमाल मर्यादा आहे, कारण उत्साही माणूस महिन्याभरात थकून गायब होतो.

नोंदीला एक वही पुरते. त्यात काम लिहा, आजार लिहू नका. ज्याला जमणार नाही त्याने आदल्या संध्याकाळी कळवायचं. कारण विचारायचं नाही.