ओठ पुढे, आवाज मागे: १६ मिमी प्रोजेक्टरची दुरुस्ती

जुना प्रोजेक्टर साफ केला, बेल्ट बदलला. चित्र सुरेख आलं, पण ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. दोन रात्री मी अ‍ॅम्प्लिफायरच खोलून बसलो. दोष होता फिल्म ओवण्यात! १६ मिमीत आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो. गेटपासून (जिथे चित्रावर प्रकाश पडतो) साउंड ड्रमपर्यंत (ज्या रोलरवर आवाज वाचला जातो) फिल्मही नेमकी तेवढीच लागते. माझा खालचा लूप, म्हणजे गेटखाली सोडलेला फिल्मचा सैल वळसा, मोठा पडत होता. टाकाऊ फिल्मवर २६ चौकटींच्या अंतराने शाईच्या दोन खुणा केल्या. एक गेटमध्ये धरली, दुसरी ड्रमवर येईपर्यंत लूप आवळला. (चांगली फिल्म यासाठी वापरू नका, ओरखडा कायमचा राहतो.) मोटर सुरू केली. पडद्यावर दार आपटलं आणि त्याच क्षणी धाडकन आवाज आला. तेच रीळ मी तीनदा पाहिलं.