न्यू जर्सीच्या उपनगरात घर घेताना आणि राखताना मालमत्ता कराचा हिशेब कसा मांडावा

न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांचे गणित घराच्या किमतीपासून सुरू होते आणि कर्जाच्या व्याजदरापाशी संपते. घरपट्टी हा त्यानंतरचा एक किरकोळ खर्च, ही समजूत मायदेशातून सोबत आलेली असते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, हे पाहता ती समजूत स्वाभाविकही म्हणावी लागेल. न्यू जर्सीत मात्र २०२४ साली निवासी घराच्या वार्षिक मालमत्ता कराची सरासरी दहा हजार डॉलरच्या पुढे गेली, आणि चांगल्या शाळांसाठी नावाजलेल्या उपनगरांत पंधरा हजारांचे बिल पाहून कोणी दचकत नाही. कर्ज तीस वर्षांत फिटते, हा कर फिटत नाही. म्हणून तो किमतीपेक्षा वेगळा न धरता किमतीचाच भाग समजून हिशेब मांडावा.

त्यासाठी पहिली कृती अगदी सोपी आहे. कराची रक्कम कर्जाच्या भाषेत मांडावी. साडेसहा टक्के व्याजाच्या तीस वर्षांच्या कर्जात दर एक लाख डॉलरमागे महिन्याला सुमारे ६३२ डॉलर भरावे लागतात. समजा, दोन शेजारच्या गावांतील दोन घरांची किंमत सारखीच आहे, पण एकाचा कर वर्षाला ३,००० डॉलरने अधिक आहे; तर महिन्याचे हे २५० डॉलर म्हणजे सुमारे ३९,५०० डॉलरचे जादा कर्ज होय. कर्ज देणारी संस्थाही असाच विचार करते. मुद्दल, व्याज, कर आणि विमा यांची बेरीज तुमच्या मासिक उत्पन्नाशी ताडून ती कर्जाची मर्यादा ठरवते, त्यामुळे जास्त कराच्या गावात त्याच पगारावर कमी कर्ज मंजूर होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. जास्त कराचे गाव म्हणजे तोट्याचे गाव असे सरसकट नसते. अर्थशास्त्रज्ञ वॉलेस ओट्स यांनी १९६९ साली ईशान्य न्यू जर्सीतील ५३ गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातून असे दिसले की कराचा बोजा वाढला की घरांच्या किमती उतरतात, परंतु तोच पैसा शाळांवर खर्च होत असेल तर त्या पुन्हा सावरतात. राज्यात जमा होणाऱ्या मालमत्ता करापैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग आजही शाळांकडे जातो. तेव्हा ज्या घरात दोन मुलांची बारा-पंधरा वर्षांची शाळा व्हायची आहे, त्यांनी हा जादा कर म्हणजे शाळेची फी समजावी. ज्यांची मुले महाविद्यालयात पोहोचली आहेत, त्यांना ती फी उगाच भरावी लागते, आणि त्यांनी एक-दोन मैलांवरच्या दुसऱ्या शाळा-जिल्ह्यातली घरेही जरूर पाहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाहिरातीतील आकडा का पुरत नाही

घराच्या जाहिरातीत दिलेला कर हा सध्याच्या मालकाचा, बहुधा गेल्या वर्षीचा असतो, आणि तो तुम्हाला लागू होईलच असे नाही. मालक शंभर टक्के कायमस्वरूपी अपंगत्व असलेला माजी सैनिक असेल तर त्याला या करातून पूर्ण सूट असते, ती घराबरोबर तुमच्याकडे येत नाही. नव्या बांधकामाच्या बाबतीत तर फसगत ठरलेलीच आहे. पहिले बिल अनेकदा केवळ जमिनीच्या मूल्यावर निघते, आणि घर पूर्ण झाल्यानंतर असेसर, म्हणजे करासाठी घरांचे मूल्य ठरवणारा गावाचा अधिकारी, इमारतीचे मूल्य जोडून वाढीव बिल पाठवतो. बिल्डरच्या कार्यालयातील माहितीपत्रकावर विसंबून न राहता, पूर्ण झालेल्या शेजारच्या तशाच घराचा कर किती आहे हे विचारावे. हंटरडन किंवा सॉमरसेट काउंटीत मोठा भूखंड घेत असाल, तर त्याला १९६४ च्या कायद्याखालील शेतजमिनीची सवलत आहे काय हे वकिलाकडून तपासून घ्यावे, कारण वापर बदलल्यास चालू वर्षाच्या आणि मागील दोन वर्षांच्या कराचा फरक वसूल केला जातो.

तळघराकडे विशेष लक्ष द्यावे. परवान्याशिवाय पूर्ण केलेले तळघर जाहिरातीत शोभून दिसते, पण ते गावाच्या नोंदीत नसेल तर त्यावर कर लागलेला नसतो. विक्रीच्या वेळच्या तपासणीत ते उघड झाले तर परवान्याचा खर्च कोणी करायचा हा वाद उभा राहतो, आणि वगळलेले मूल्यांकन, म्हणजे नोंदीतून सुटलेल्या बांधकामाची मागाहून केलेली आकारणी, म्हणून चालू वर्षाबरोबर मागील एका वर्षाचा करही मागता येतो. म्हणून टाउनशिपच्या कार्यालयातून त्या घराचे मालमत्ता-पत्रक मागवावे आणि त्यातील खोल्या, न्हाणीघरे व क्षेत्रफळ प्रत्यक्ष घराशी पडताळून पाहावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि बहुतेक खरेदीदार ते करत नाहीत.

याउलट एक भीती मात्र निराधार असते. आपण आठ लाखांना घर घेतले म्हणजे असेसर लगेच त्या आकड्यावर कर लावेल, असे अनेकांना वाटते. केवळ विक्री झाली म्हणून एकट्या त्या घराचे मूल्यांकन वाढवणे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली वेस्ट मिलफर्डच्या खटल्यात घटनाबाह्य ठरवले आहे. मूल्यांकन बदलते ते बांधकामातील बदलामुळे किंवा सर्व गावाच्या फेरमूल्यांकनामुळे, म्हणजे गावातील सर्व घरांचे मूल्य नव्याने ठरवल्यामुळे.

फेरमूल्यांकनाचे गणित नीट समजून घेतल्याशिवाय गावांची तुलना करू नये. न्यू जर्सीत कराचा दर मूल्यांकनाच्या दर शंभर डॉलरमागे सांगितला जातो, आणि ज्या गावाचे मूल्यांकन जुने आहे तेथे तो दर पाच-सहा डॉलर दिसतो, तर नुकतेच फेरमूल्यांकन झालेल्या गावात तो दोनच्या आसपास दिसतो. त्यावरून पहिले गाव महाग ठरत नाही. तुलना नेहमी प्रत्यक्ष बिलाची रक्कम भागिले बाजारभाव अशीच करावी. फेरमूल्यांकनात गावाला गोळा करायची रक्कम तीच राहते, फक्त तिची वाटणी बदलते. गावातील मूल्ये सरासरी दुप्पट झाली आणि तुमचे दुप्पटच झाले तर तुमचा कर जवळपास जागेवर राहील. तुमचे अडीचपट झाले तर शेजाऱ्याचा कमी झालेला भार तुमच्याकडे येईल. जर्सी सिटीत १९८८ नंतर थेट २०१८ साली फेरमूल्यांकन झाले, आणि दरम्यानच्या तीस वर्षांत भाव चढलेल्या नदीकाठच्या वस्त्यांतील अनेकांची बिले एकदम वाढली. म्हणून शेवटचे फेरमूल्यांकन कधी झाले आणि पुढचे ठरले आहे काय, हे दोन प्रश्न करार करण्यापूर्वी असेसरच्या कार्यालयाला विचारावेत.

ताबा मिळाल्यानंतर

कराचे हप्ते १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर असे चार असतात. पहिले दोन हप्ते मागील वर्षाच्या आधारावर अंदाजे काढलेले असतात आणि वर्षाचा खरा आकडा शेवटच्या दोन हप्त्यांत वसूल होतो, त्यामुळे वाढीचा धक्का उन्हाळ्यात बसतो. कर्जसंस्था एस्क्रो खात्यातून, म्हणजे दरमहा हप्त्याबरोबर घेतलेले कराचे व विम्याचे पैसे जेथे साठवले जातात त्या खात्यातून, कर भरत असेल तर ती वर्षाच्या खर्चाच्या एक षष्ठांशापर्यंत रक्कम राखीव ठेवू शकते. कर वाढला की हा राखीव भाग तोकडा पडतो, आणि मग वार्षिक आढाव्यानंतर मागील तूट व पुढील वाढ अशी दुहेरी भर हप्त्यात पडते. निश्चित व्याजदराचे कर्ज घेऊनही हप्ता का वाढला, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते. गाव किंवा काउंटी यांच्या एकूण करवसुलीच्या वाढीवर २०११ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, परंतु कर्जफेड आणि आरोग्य विम्याच्या काही खर्चांना तीतून सूट असल्याने, आपल्या अंदाजपत्रकात वर्षाला तीन टक्के वाढ धरणे शहाणपणाचे ठरेल.

तुमच्या घराचे करासाठी ठरवलेले मूल्य कळवणारे मूल्यांकनाचे पोस्टकार्ड वर्षाच्या सुरुवातीला येते आणि अनेक घरांत जाहिरातींच्या पत्रांबरोबर केराच्या टोपलीत जाते. ते जपून ठेवावे, कारण काउंटी कर मंडळाकडे अपील करायचे ते मूल्यांकनाविरुद्ध. कर जास्त आहे ही तक्रार तेथे चालत नाही. बहुतेक काउंट्यांत मुदत १ एप्रिल असते, सर्व गावाचे फेरमूल्यांकन झाले असेल तर १ मे. मॉनमथसारख्या काही काउंट्यांत ती जानेवारीतच संपते. अपील करताना करभरणा थकलेला नसावा.

अपील जिंकण्याजोगे आहे की नाही हे घरीच ठरवता येते. राज्य दरवर्षी प्रत्येक गावाचे मूल्यांकन आणि बाजारभाव यांचे सरासरी गुणोत्तर जाहीर करते, आणि त्यापासून पंधरा टक्के वर-खालीपर्यंतचा फरक कायद्याने चालवून घेतला जातो. समजा गुणोत्तर ६० टक्के आहे. मग वरची मर्यादा ६९ टक्के होते. घराचे मूल्यांकन ४,८०,००० आणि बाजारभाव ६,५०,००० डॉलर असेल तर प्रमाण जवळपास ७४ टक्के येते, म्हणजे मूल्यांकन ६,५०,००० च्या ६० टक्के, अर्थात ३,९०,००० पर्यंत उतरायला हवे. दर चार डॉलर असेल तर ही वर्षाला ३,६०० डॉलरची बचत आहे. तोच बाजारभाव ७,२०,००० असेल तर प्रमाण ६७ टक्क्यांच्या आत बसते आणि अपील करण्यात अर्थ उरत नाही. प्रमाण खालच्या मर्यादेहूनही कमी निघाले तर मूल्यांकन वाढवले जाऊ शकते, म्हणून गणित न करता अर्ज दाखल करू नये. बाजारभावाचा पुरावा म्हणून आधीच्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या सुमारास झालेल्या, आपल्यासारख्याच घरांच्या तीन ते पाच विक्री द्याव्यात. ऑनलाइन अंदाजाचे छापील पान काउंटी कर मंडळापुढे टिकत नाही.

सवलतींचा विचार शेवटी करावा, कारण त्यांवर विसंबून घर घेऊ नये. अँकर ही राज्याची योजना अडीच लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरमालकांनाच लाभ देते, आणि दोघेही नोकरी करणारी अनेक मराठी जोडपी त्या मर्यादेबाहेर जातात. केंद्रीय आयकरात राज्य व स्थानिक करांच्या वजावटीवर २०१८ पासून दहा हजार डॉलरची मर्यादा होती. २०२५ च्या कायद्याने ती चाळीस हजारांवर नेली, पाच लाखांहून अधिक उत्पन्नावर ती घटत जाते आणि २०३० पासून पुन्हा दहा हजारांवर येणार आहे. वजावट म्हणजे परतावा नव्हे. २४ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या कुटुंबाला दर जादा डॉलरमागे फार तर चोवीस सेंट वाचतात, तेही ठरावीक ठोक वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवून तपशीलवार वजावट घेतली तरच.

पासष्टी ओलांडलेल्यांसाठी मात्र एक योजना मोलाची आहे, ती म्हणजे सीनियर फ्रीझ. ज्या वर्षी सर्व अटी प्रथम पूर्ण होतात ते आधारवर्ष ठरते आणि त्यानंतर वाढलेल्या कराचा फरक राज्य परत देते. अर्ज दरवर्षी करावा लागतो, आणि पात्र झालेल्या पहिल्याच वर्षी तो केला तर आधाररक्कम सर्वांत कमी राहते.