मजकूर प्रणाली घडवावी की तयार घ्यावी? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पतसंस्था आणि शिक्षणसंस्था संकेतस्थळाची मजकूर प्रणाली (पानांवरचा मजकूर चढवण्याची-बदलण्याची व्यवस्था, म्हणजे सीएमएस) घडवून घ्यावी की तयार घ्यावी, असे विचारायला येतात, तेव्हा निर्णय बहुधा आधीच झालेला असतो, कारण कुणा संचालकाचा संगणक शिकलेला भाचा 'महिन्याभरात करून देतो' असे म्हणून बसलेला असतो. पहिली चूक हीच.

खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेने अशीच प्रणाली पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून घेतली. मुलगा हुशार होता, पण नोकरी लागताच बेंगळुरूला गेला आणि मागे एक टिपणही ठेवले नाही. पुढे होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर पीएचपी ७ वर नेला. त्या आवृत्तीतून मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स काढून टाकलेली असल्यामुळे ऐन वार्षिक सभेच्या तोंडावर संकेतस्थळ कोरे पडले. कोडची दुरुस्ती त्यामानाने सोपी होती. मराठी आणि कन्नड सूचना मात्र बिगर-युनिकोड फाँटांत (रोमन अक्षरांच्या जागी आपल्या लिपीचे आकार बसवलेल्या जुन्या फाँटांत) टंकलेल्या होत्या, त्यामुळे डेटाबेसमध्ये नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसत होती. कन्व्हर्टरमधून काढल्यावरही रफार भलत्याच अक्षरावर बसत होते आणि सभासदांची नावे कारकुनाबरोबर बसून एकेक तपासावी लागली.

तयार प्रणाली घेणारेही इंग्रजी नमुना पाहूनच भाळतात. वर्डप्रेस या तयार प्रणालीच्या गाभ्यात एकच पान अनेक भाषांत जोडून ठेवण्याची सोय नाही, त्यासाठी प्लगिन (वरून बसवायचा जोडभाग) लागते; द्रुपल या दुसऱ्या तयार प्रणालीत ती अंगभूत आहे. म्हणून मी विक्रेत्यासमोर मराठी-कन्नड सूचनेचे एक खरे पान चढवून, तेच पान फाइलच्या रूपात बाहेर काढून दाखवायला लावतो. या परीक्षेला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पानांचे पत्ते (यूआरएल) रोमन लिपीत ठेवावेत, कारण दुवा कॉपी केल्यावर देवनागरीच्या एकेका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हे होतात. डोमेन (संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव) संस्थेच्याच नावावर असावे. पैशाची थीम (संकेतस्थळाचा तयार साचा) कुठूनतरी फुकट मिळवणाऱ्यांनी नंतर व्हायरसची तक्रार घेऊन येऊ नये. एकदा बसवले की झाले, ही समजूतही खोटी आहे: द्रुपल ७ चा अधिकृत आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे) जानेवारी २०२५ मध्ये संपला आणि झोपून राहिलेल्यांना स्थलांतराचा खर्च पडला.

घडवण्याला माझा सरसकट विरोध नाही. प्रवेश अर्ज किंवा गुणपत्रिका यांसारखे खास काम असेल, तर तेवढाच भाग तयार प्रणालीवर प्लगिन म्हणून लिहून घ्यावा, आणि कोड व पासवर्ड संस्थेच्या ताब्यात येईपर्यंत शेवटचा हप्ता रोखून ठेवावा.